पंडिता रमाबाई आणि शारदा सदनाचे उघडे दार



शाळाप्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या मनात एक शंका हमखास डोकावते. ख्रिस्ती शाळेत मूल घालणारे हिंदू किंवा मुसलमान आईवडील दबक्या आवाजात चौकशी करतात, की सकाळच्या प्रार्थनेला आमच्या मुलाने नेमके काय म्हणायचे असते. आपली कुटुंबे दुसऱ्या शाळेत मूल घालतात तेव्हा त्यांनाही तोच घोर असतो, फक्त प्रार्थना बदललेली असते. मधल्या सुट्टीत डबा उघडला की शेजारचा आत काय आहे ते वाकून पाहतो. आडनाव ऐकून कोणीतरी विचारतो, तुम्ही मूळचे कोण? या गोष्टी वर्तमानपत्रात येत नाहीत, कारण त्या रोजच्या आहेत.

या रविवारी आम्ही अशा एका बाईंचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत, ज्यांची शाळा नेमक्या याच प्रश्नावर मोडता मोडता वाचली. पंडिता रमाबाई हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. 1989 साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथात झाला आणि पुढे कोणत्याच पंथाच्या चौकटीत त्या फारशा रमल्या नाहीत. त्यांची सर्वच मते आपल्याला पटतील असे नाही. पण धर्म आणि शाळा यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न महाराष्ट्रात जिने स्वतःच्या अंगावर झेलला अशी दुसरी व्यक्ती आमच्या तरी डोळ्यांपुढे येत नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवण्याचे ठरवले आणि तिथूनच घराण्यामागे विरोध लागला. स्त्रीला देवभाषा शिकवली म्हणून उडुपीच्या धर्ममंडळीपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखवले, पण जगापासून दूर रानात जाऊन राहणेही पत्करले. रमाबाईंना शिकवले ते आईने, पहाटे, घरची कामे सुरू होण्यापूर्वी. म्हणजे ज्या मुलीने पुढे शाळा काढायची होती, तिची स्वतःची पहिली शाळा ही आईची मांडी होती, आणि तीसुद्धा लोकांच्या डोळ्यांत खुपणारी.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि वर्षानुवर्षे चालतच राहिले. देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले. ब्राह्मणाने अंगमेहनतीचे काम करू नये, भीक मागू नये, या समजुतीपायी घरातील माणसे झाडपाला खाऊन राहिली. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर घ्यायला काही नव्हते, म्हणून वाळूत खड्डा करून, वाळूच पांघरून ही भावंडे झोपली. जातीच्या अभिमानाने पोट भरत नाही हे रमाबाई पुस्तकातून शिकल्या नाहीत.

1878 साली दोघे कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांच्या या मुलीची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात घडलेला एक प्रसंग रमाबाईंनी स्वतः नमूद करून ठेवला आहे आणि आम्हांला तो फार आवडतो. काही ख्रिस्ती लोकांच्या मेळाव्याला त्यांना बोलावले होते. तिथे ब्राह्मण घरातून आलेली माणसे इंग्रजांच्या पंगतीला बसून चहा-बिस्किटे खाताना पाहून त्यांना वाटले की आता कलियुगाचा शेवट जवळ आला! मग सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. समोर मूर्ती नाही, काही नाही, फक्त खुर्च्या. रमाबाईंची समजूत झाली की हे लोक खुर्च्यांची पूजा करतात. हसू येते खरे. पण आपल्याविषयी शेजाऱ्यांच्या मनात काय काय समजुती असतील आणि शेजाऱ्यांविषयी आपल्या मनात काय काय, याचाही थोडा हिशेब करायला हरकत नाही. पूर्वग्रह हा नेहमी दुष्ट माणसाच्याच मनात असतो असे नाही. आतून न पाहिलेल्या घराविषयी तो आपोआप तयार होतो.

1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, तेव्हा काय गहजब झाला असेल ते सांगायला नको. 1881 मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पती पटकीने गेले. विवाहाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल, मागे ना माहेर ना सासर. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले. सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींचे लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होते. ज्या स्त्रियांना समाजाने वाईट म्हणून टाकून दिले, त्यांना तिथे जवळ घेतले जात असे. ते काम पाहून रमाबाई हलल्या. योहानच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी स्त्री त्यांना तिथेच नीट भेटली. त्या अध्यायात तरी दुसरे काय आहे? परजातीच्या हातचे पाणी मागणारा प्रभू आणि तो कसे मागतो म्हणून चकित झालेली बाई. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि लहानगी मनोरमा यांचा स्नानसंस्कार झाला.

पुण्यात वादळ उठले. त्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहणाऱ्या थोड्या माणसांत जोतीराव फुले होते. 1885 साली सत्सार या आपल्या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाचे समर्थन केले.

आता एक कडवट भाग सांगितला पाहिजे, कारण आपण ख्रिस्ती लोक तो बहुधा गाळतो. धर्मांतर केले म्हणून रमाबाईंचा पूर्वग्रहाशी संबंध संपला नाही. त्या शाकाहारी राहिल्या, तर त्यात मठातील सिस्टर जेराल्डीन यांना जुन्या जातीचा ताठा दिसला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमची संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात असे निघाले, तेव्हा अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. भारतीय स्त्रीने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिची किंमत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पंडितांच्या सभेत वाद जिंकून आलेल्या बाईला हे सांगितले गेले! त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांच्या मनात बरेच दिवस शंका होत्या. तिथे आम्ही त्यांच्या बाजूचे नाही, हे सांगायला संकोच नाही. पण आपल्याला अजून न पटलेली गोष्ट आपल्या मुलीला परस्पर शिकवली जाऊ नये, असे त्यांनी मठाला ठणकावले. म्हणजे मुलाला कोणता धर्म शिकवावा हे शाळेने आईला डावलून ठरवू नये, हा हट्ट रमाबाईंनी आधी ख्रिस्ती लोकांपाशी धरला होता. पुढची हकिगत वाचताना हे लक्षात ठेवावे.

1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि तीन वर्षे त्या देशात हिंडल्या, व्याख्याने दिली, शाळा पाहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये आले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. भारतात उच्चवर्णीय बालविधवांसाठी शाळा चालवण्यास दहा वर्षे पैसा पुरवायचा असे ठरले. अट एकच, शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होणार नाही. रमाबाईंनी ती अट राजीखुशीने मान्य केली.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षाअखेरीस ते पुण्यास हलले. बालविधवा म्हणजे काय हे आजच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आठ-दहा वर्षांची मुलगी, नवऱ्याचा चेहराही धड न पाहिलेली, डोक्यावरचे केस उतरवून एका लुगड्यात कोपऱ्यात बसवलेली. तिचे तोंड सकाळी दिसले तर कामाला जाणारा माणूस माघारी फिरे. घरात तिला मारीत नसत, म्हणजे सगळीकडे नसत. पण ती सर्वांच्या आधी उठे, सर्वांच्या नंतर जेवे आणि शुभकार्यात कोणाच्या नजरेस पडत नसे. कोणीही मुद्दाम क्रूर नव्हते, रीत होती. अशा मुलींना सदनात केस वाढवता आले, पुस्तक हाती मिळाले. त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याला रमाबाईंनी हात लावला नाही. स्वयंपाक ब्राह्मणी पद्धतीने होई, ज्यांना आपली पूजा करायची त्या करीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती.

भांडण सुरू झाले ते एका दारावरून. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. मुली ज्यांना आई मानत होत्या, ती बाई आत गुडघे टेकून बसलेली दिसे. काही मुली उंबऱ्यापाशी थांबू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कोणाला बोलावले नाही आणि कोणाला हाकललेही नाही. केसरीने हल्ला चढवला. शाळेच्या आडून धर्मांतर चालले आहे, पालकांनी मुली काढून घ्याव्यात, असा त्याचा रोख होता. सल्लागारांची मागणी अशी, की मुलींना या प्रार्थनेपासून दूर ठेवावे. रमाबाईंनी नकार दिला. 1893 साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी मंडळाचे राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. बॉस्टनच्या मंडळाने मात्र रमाबाईंवरचा विश्वास सोडला नाही.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना एक बाजू काळी आणि एक बाजू पांढरी करण्याचा मोह होतो. आम्हांला ते बरोबर वाटत नाही. रानडे आणि भांडारकर हे प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, विधवांच्या हितासाठी स्वतः शिव्याशाप खाल्लेले. त्यांची भीती पोकळ नव्हती. ज्या मुलीला जगात दुसरे कोणी नाही, तिच्यावर अन्न देणाऱ्या आणि माया करणाऱ्या शिक्षिकेचा जो प्रभाव पडतो तो कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठा असतो. शिक्षकाने काही न बोलताही तो शिकवत असतो. आणि 1895 साली सदनातील काही मुलींनी खरोखरच ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा टीकाकारांनी आम्ही म्हणतच होतो असे म्हटले असल्यास नवल नाही.

दुसरीकडे, दार लावून घ्या याचा अर्थ काय होतो तेही पाहावे. मुलींना पूजेची मोकळीक आहे, तुळशीला पाणी घालण्याची मोकळीक आहे, फक्त एकीनेच आपला देव लपवून ठेवायचा. धर्माबाबत तटस्थ राहणे आणि एका व्यक्तीला तिचा धर्म चोरून पाळायला लावणे, यात फरक आहे. तो फरक त्या काळच्या मोठमोठ्या माणसांच्या नजरेतून निसटला. सेंट थॉमस अक्वायनस यांनी शिकवले आहे की माणसाची सदसद्विवेकबुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध जाणे त्याच्यासाठी पापच ठरते. हे शिक्षण ख्रिस्ती माणसापुरते नाही, सर्वांसाठी आहे. आपल्या ख्रिस्तसभेने 1965 साली व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले, की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती नको आणि कोणाला अडवणेही नको. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात.

आमच्या मते शारदा सदनाचा प्रश्न दाराइतकाच पालकांच्या संमतीचा होता. वाँटेजला रमाबाईंनी आई म्हणून जो हक्क मागितला, तोच सदनातील मुलींच्या पालकांना होता. त्यांतले काही पालक मुलीला केवळ ओझे समजत असतील, तरीही. आज आपल्या राज्यघटनेच्या कलम 28 ने हे ठरवून दिले आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी संमती लागते आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची लागते. कलम 30 ने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे हे आपण सभासंमेलनांत ठासून सांगतो. कलम 28 चे नाव तितक्या उत्साहाने आमच्या कानी पडत नाही.

केसरीचा हल्ला झाला म्हणून रमाबाई इंग्रज सरकारच्या आडोशाला गेल्या असेही नाही. 1897 मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सरकारी प्लेग रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची जी आबाळ झाली त्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. त्याचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटात उमटले. त्या वर्षी सरकारवर टीका करण्यात टिळक आणि रमाबाई एकाच बाजूला होते, ही गंमत फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही.

प्लेगमुळेच सदन पुण्याहून केडगावला हलले. तेथे रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला. स्वतःच्या आईवडिलांचे भुकेने झालेले मरण पाहिलेली ही बाई तिकडे धावली आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दीड हजाराच्या वर गेली. आता जात विचारायची सोय नव्हती आणि रमाबाईंना ती विचारायचीही नव्हती. शाळा, शेत, माग, तेलघाणा, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण. दहा वर्षांचा करार 1898 मध्ये संपला होता आणि त्यानंतर मुक्ती ही संस्था उघडपणे ख्रिस्ती राहिली. तिच्या पाटीवर एक आणि आत दुसरे असे नव्हते, हे आम्हांला मोठे वाटते. तरी भुकेल्या, निराधार मुलीची धर्माला संमती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला, आजही विचारतात. तो विचारणारा प्रत्येक जण आपला वैरी नसतो.

उरलेली वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात वाढलेल्या या पंडितेने भाषा मात्र अशी निवडली, की खेड्यातली बाई वाचू शकेल. छापखान्यात खिळे जुळवायचे काम मुक्तीतल्या मुलींनीच केले. 1921 च्या जुलैत मनोरमा वारली. जिच्या धर्मशिक्षणासाठी आई भांडली होती, ती आईच्या आधी गेली. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावी रमाबाईंनी देह ठेवला.

एका मुलीचे नाव सांगायचे राहिले. गोदूबाई ही शारदा सदनात आलेल्या अगदी पहिल्या बालविधवांपैकी. तिचा भाऊ नरहरपंत जोशी याने तिला तिथे आणून सोडले होते. 11 मार्च 1893 रोजी, म्हणजे सदन उघडल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. ती त्या उघड्या दाराच्या घरात राहून शिकली आणि हिंदूच राहिली. मुरूडच्या गावकऱ्यांनी या जोडप्यावर बहिष्कार घातला. पुढे बाया कर्वे या नावाने ती ओळखली गेली आणि पतीच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली. कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, ते याच हिंगण्याला.